नदीवरची सावड

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस तणावर व्याख्यान द्यायला उभा राहिला, याचं काहींना नवल वाटेल. पण मला या विषयात एक जुना नैतिक प्रश्न दिसतो. तो आधी मांडतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

शेतातलं तण काढण्याच्या कामाला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे भांगलण, मराठवाडा-विदर्भाकडे निंदणी, कोकणात बेणणी, आणि सगळीकडे समजणारा शब्द खुरपणी. शेतीतली अशी कामं एकट्यानं उरकत नाहीत. म्हणून सावड. दोन-चार घरं एकत्र येतात. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. नांगरटीसारखं मोठं काम असेल तर इर्जिक. सगळा गाव बैल घेऊन एकाच्या शेतात उतरणार आणि शेतवाला त्यांना जेवू घालणार. सावडीचा हिशोब कुठल्या वहीत नसतो, पण सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. आपण गेलो नाही तर आपल्याकडे कोणी येणार नाही, हे प्रत्येकाला कळतं.

आता हाच हिशोब नदीला लावून बघू. ज्या सगळ्या प्रदेशावर पडलेलं पाणी शेवटी एका नदीत येतं, तो त्या नदीचा पाणलोट. त्यात नदीकाठचं किंवा पाण्यावरचं तण वरून खाली येतं. वरच्या गावानं ते काढलं तर फायदा बराचसा खालच्या गावाला. खालच्यानं काढलं आणि वरच्यानं नाही काढलं, तर पुढच्या पुरात ते पुन्हा दारात. खालचा माणूस वरच्याच्या कामाची परतफेड कशी करणार? पाणी तर उलटं वाहत नाही. म्हणजे ही अशी सावड आहे, जी फिरून आपल्याकडे येत नाही.

तर प्रश्न असा: परतफेड होऊ शकत नाही अशी सावड माणसं करतात का? आणि केली तर ती टिकते कशानं? याचं उत्तर चार ठिकाणच्या इतिहासात शोधू, आणि शेवटी आपल्या भीमा खोऱ्यात येऊ.

बंगाल: एका सप्ताहाची गोष्ट

सुरुवात आपल्याच देशातल्या, म्हणजे तेव्हाच्या अखंड बंगालमधल्या एका मोठ्या लढ्यापासून करतो. वनस्पती आपल्या ओळखीची आहे. शहरात आपण तिला जलपर्णी म्हणतो, गावाकडे केंदाळ. बंगालीत कचुरीपाना. मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून बागेच्या तळ्यात लावायला माणसांनीच ती जगभर नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोचली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पूर्व बंगालच्या नद्या, खाड्या, बिलं तिनं झाकून टाकली.

नुकसान कसं होत होतं ते समजून घेतलं पाहिजे. पूर्व बंगालमध्ये रस्ता म्हणजे पाणी. बाजार, शाळा, दवाखाना, सगळीकडे होडीनं जायचं. जलपर्णीच्या जाड थरातून होडी पुढे सरकत नाही. दुसरं, तिथला अमन भात पुराच्या पाण्यात उभा असतो. पुराबरोबर जलपर्णीची आख्खी बेटं शेतात शिरायची आणि उभं पीक आडवं करायची. तिसरं, मासेमारी. चौथं, डास.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. शत्रूनं ती मुद्दाम पाठवली, अशी अफवा होती. हे नाव लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

१९२१ साली बंगाल सरकारनं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. वनस्पतींच्या संवेदनेवर काम केलेला जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आता वनस्पती मारायच्या समितीवर बसला होता. त्या काळात विषारी द्रव फवारून जलपर्णी मारण्याच्या योजना पुढे येत होत्या. बोस फवारणीच्या बाजूचे नव्हते. दुसरीकडे काहींचं म्हणणं होतं की हिच्या राखेत पोटॅश आहे, तेव्हा हिचा खत म्हणून उपयोग करा. मारायचं की वापरायचं, या वादात वर्षं गेली आणि तेवढ्यात जलपर्णी पसरत राहिली.

अखेर १९३६ साली बंगालमध्ये जलपर्णीविरोधी कायदा झाला. आपल्या जागेत जलपर्णी ठेवायला बंदी आली आणि ती नष्ट करण्याच्या सरकारी मोहिमेत भाग घेणं लोकांवर बंधनकारक झालं. जिल्हाधिकाऱ्यांना स्वयंसेवी संस्थांच्या मदतीनं हे काम घडवून आणायचे आदेश गेले. १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत तर प्रमुख पक्षांनी आपापल्या जाहीरनाम्यांत बंगाल जलपर्णीमुक्त करण्याचं वचन दिलं. एका तणावरून निवडणूक लढवली जाते, यावरून लोकांचे हाल किती असतील याचा अंदाज करा. फजलुल हक सत्तेवर आले आणि त्यांच्या सरकारनं मोहीम जोरात चालवली. १९३९ साली ‘कचुरीपाना सप्ताह’ पाळला गेला आणि गावोगाव माणसं पाण्यात उतरली.

या मोहिमांचा उपयोग झाला. अनेक ठिकाणी पाणी मोकळं झालं, होड्या चालू लागल्या. त्या लोकांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण आज बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये जाऊन बघा, जलपर्णी आहेच. असं का झालं असावं?

इथे थोडं गणित करू. अनुकूल उन्हात आणि खतावलेल्या पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, आपण शंभरातली पंचाण्णव झाडं काढली. पाच राहिली. दोन आठवड्यांनी दहा, मग वीस, मग चाळीस, आणि आठव्या आठवड्याला ऐंशी. म्हणजे सप्ताह संपल्यावर दोन महिन्यांत बहुतेक सगळं परत. शिवाय तिचं बी तळाच्या चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. सात दिवसांचा उत्साह आणि वीस वर्षांचं बी, असा हा सामना.

दुसरं कारण कायद्याच्या रचनेत होतं. ज्याची जागा त्याची जबाबदारी, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण जलपर्णी तरंगते. वारा आला की ती पलीकडच्याच्या हद्दीत जाते. माझी जागा स्वच्छ करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बांबूनं ढकलून ती पुढे सोडणं. हद्दीला धरून केलेला नियम प्रवाहावर चालत नाही.

तिसरं कारण अधिक खोल आहे. बंगालच्या पाण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी रेल्वेच्या भरावांकडे बोट दाखवलं आहे. सपाट प्रदेशात रुळांसाठी उंच बांध घातले, त्यानं पाण्याचा जुना निचरा अडला आणि वाहतं पाणी साचलेलं झालं. जलपर्णीला तेच हवं असतं. शेतकऱ्याला पाण्यात उतरवणं सरकारला सोपं होतं. रुळाखाली जास्त मोऱ्या काढणं अवघड आणि खर्चाचं होतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. दक्षिण बंगालमधल्या सखल भागात शेतकऱ्यांनी कुजणाऱ्या जलपर्णीचे तरंगते वाफे करून त्यावर भाजी पिकवायची पद्धत जोपासली. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं या तरंगत्या शेतीला जागतिक महत्त्वाचा वारसा म्हणून मान्यता दिली. ज्यांना त्या पाण्याजवळून हलताच येत नव्हतं, त्यांनी शोधलेला हा मार्ग होता.

सिडनी: दोन बहिणी

आता बंगालच्या अगदी उलट उदाहरण घेऊ. तिथे लाखो माणसं आणि एक सप्ताह होता. इथे दोन बायका आणि अनेक वर्षं आहेत.

ऑस्ट्रेलियात सिडनीचं प्रसिद्ध बंदर म्हणजे खरं तर समुद्राचं पाणी शिरलेलं एक नदीचं खोरं. त्याच्या काठावर मॉस्मन नावाचा भाग आहे. तिथल्या ॲश्टन पार्कमध्ये मूळचं जंगल थोडं शिल्लक होतं. १९६०च्या दशकात आयलीन ब्रॅडली आणि जोन ब्रॅडली या दोघी बहिणी तिथे नियमित फिरायला जात. जंगलात परदेशी झुडपं घुसली होती. त्यातलं एक आपल्या चांगल्या ओळखीचं आहे: लँटाना, म्हणजे आपली घाणेरी किंवा टणटणी. सह्याद्रीच्या कुठल्याही उतारावर ती दिसते. तीही अमेरिका खंडातून बागेची शोभा म्हणून निघाली आणि दोन्हीकडे पसरली.

अशा ठिकाणी नेहमीची पद्धत काय असते? जिथे तण सगळ्यात जास्त, तिथे माणसं न्या, सगळं तोडून जमीन मोकळी करा. दिसायला काम मोठं दिसतं. पण उघडी, उकरलेली जमीन तणाला सगळ्यात आवडते. वर्षभरात तिथे पहिल्यापेक्षा दाट तण उभं राहतं.

या दोघी बहिणींनी हे पाहिलं आणि तीन नियम घालून घेतले. पहिला: जिथे जंगल सगळ्यात चांगलं आहे तिथून सुरुवात करा आणि तिथून बिघडलेल्या भागाकडे सरका. दुसरा: जमीन कमीत कमी हलवा, उपटलं की वरचा पालापाचोळा परत जागेवर पसरा. तिसरा: मूळची झाडं ज्या वेगानं परत उगवतात, त्याच वेगानं तण काढा. त्याहून जास्त नाही.

तिसरा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण किती काम करायचं हे आपला उत्साह ठरवत नाही, ते झाडं ठरवतात. स्वयंसेवकाला हे जड जातं. त्याला संध्याकाळी ढीग बघायचा असतो, त्याच्यापुढे फोटो काढायचा असतो. ब्रॅडली बहिणींच्या पद्धतीत ढीग लहानच राहतो. पण एकदा सुटलेला भाग पुन्हा तणाकडे जात नाही, कारण शेजारचं धडधाकट जंगलच तो भरून काढतं.

त्यांनी १९७१ साली या पद्धतीवर पुस्तिका काढली. जोन ब्रॅडलींचं मोठं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ साली आलं. आज ऑस्ट्रेलियात जंगल सावरण्याचं काम करणाऱ्या असंख्य स्वयंसेवी गटांना या दोघींची नावं ठाऊक असतात.

एक अडचण त्यांच्या पद्धतीलाही आहे. सिडनीची जमीन वालुकाश्माची, मुळात खत कमी असलेली. तिथली झाडं त्या गरिबीला सरावलेली. उतारावरच्या घरांचं आणि रस्त्यांचं पाणी पावसाबरोबर खाली येतं तेव्हा ते खत घेऊन येतं, आणि त्यावर परदेशी तण पोसतं. खालच्या काठावर कितीही निगुतीनं काम केलं तरी वरून खत येतच राहिलं, तर ते काम कधी संपत नाही. म्हणजे इथेही वरचा आणि खालचा हा संबंध आलाच.

ब्रिटन: तेरड्याचा भाऊबंद

तिसरं उदाहरण ब्रिटनचं. इथे जे तण आहे ते भारतातून गेलेलं आहे.

आपल्या अंगणातला तेरडा सगळ्यांना माहीत आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी म्हणच आहे. त्याची पिकलेली बोंडं बोटानं दाबली की फट्कन फुटतात आणि बी उडतं. लहानपणी हा खेळ कोणी खेळला नाही? याच तेरड्याचा एक उंच भाऊबंद हिमालयात, काश्मीरपासून नेपाळपर्यंत, ओढ्यांच्या काठी वाढतो. ईस्ट इंडिया कंपनीतले डॉक्टर जॉन फोर्ब्स रॉयल सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. त्यांनी या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि १८३९ साली तिचं बी ब्रिटनमध्ये गेलं. गुलाबी फुलं, माणसापेक्षा उंच झाड, वाढवायला सोपं. बागांमधून ते नदीकाठी गेलं आणि तिथून पाण्याबरोबर देशभर.

एका झाडाला आठशेपर्यंत बिया होऊ शकतात. बोंड फुटलं की बी सात मीटरपर्यंत उडतं, आणि पाण्यात पडलं की कितीही लांब जातं. उन्हाळ्यात ते काठावर इतकं दाट होतं की खालची गवतं मरतात. हिवाळ्यात ते स्वतः मरून जातं, मग काठ उघडा पडतो आणि पुरात माती धुऊन जाते.

पण या तणाच्या दोन दुबळ्या बाजू आहेत. त्याची मुळं वरवरची असतात, लहान मूलसुद्धा ते उपटू शकतं. आणि त्याचं बी जमिनीत साधारण दोन वर्षंच टिकतं. म्हणजे बी धरण्याआधी, सलग दोन-तीन उन्हाळे, एकही झाड न सोडता उपटलं तर ते त्या जागेवरून खरोखर जाऊ शकतं. म्हणून ब्रिटनमध्ये दर उन्हाळ्यात नदीकाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या हे झाड उपटताना दिसतात. निवृत्त माणसं असतात, विद्यार्थी असतात, मासे धरणारे हौशी लोक असतात. त्यांना शिकवलं जातं की खोड सगळ्यात खालच्या पेराच्या खाली मोडा, नाहीतर पेरातून पुन्हा फुटवा येतो. आणि दुसरी, त्याहून महत्त्वाची गोष्ट: सुरुवात उगमाकडून करा. वरच्या ओढ्यात एक झाड राहिलं तर खालची मैलभर मेहनत फुकट.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे बघा. उगमाकडून सुरुवात करायची म्हणजे स्वयंसेवकानं आपल्या घरामागचा काठ सोडून वरच्या, बहुधा माणसं कमी असलेल्या खोऱ्यात जायचं. स्वतःच्या गावाचा काठ गुलाबी फुलांनी भरलेला असताना दुसऱ्याच्या ओढ्यात काम करायचं. त्यासाठी नदीचा आख्खा नकाशा कोणीतरी डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरून वाहणाऱ्या ट्वीड नदीवर असं काम २००२ सालापासून चाललं आहे, मुख्यतः राक्षसी हॉगवीड नावाच्या दुसऱ्या तणावर. त्याचा चीक अंगाला लागून ऊन लागलं की कातडी भाजते. तेव्हा ते काम हौशी हातांचं नाही, ते शिकलेल्या माणसांकडूनच करून घ्यावं लागतं. पण तत्त्व तेच: दोन देशांची हद्द बाजूला ठेवून उगमापासून समुद्रापर्यंत आख्खा पाणलोट एक धरायचा. कुठे स्वयंसेवक आणि कुठे पगारी माणूस हे तणाच्या स्वभावावरून ठरवायचं.

२०१४ पासून तिथे हिमालयातून आणलेली एक तांबेरा बुरशीही या झाडावर सोडली जाते आहे. हिमालयात हे झाड शिरजोर होत नाही, कारण तिथे त्याचे किडे आणि रोग त्याच्यासोबत आहेत. बागवाल्यांनी फक्त झाड नेलं, त्याचे शेजारी नेले नाहीत.

परकं कोण?

इथे थोडं थांबून त्या ‘जर्मन पाना’ नावाकडे परत येतो. आपल्याकडे गाजरगवताला लोक ‘काँग्रेस गवत’ म्हणतात. त्याची नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली, आणि ते परदेशी गव्हाबरोबर आलं असं सांगितलं जातं. तणाला शत्रूचं किंवा सत्तेचं नाव चिकटवायची आपल्याला सवय आहे.

पण परकं म्हणजे वाईट, हे तर्काला धरून नाही. मिरची अमेरिकेतली, बटाटा तिथलाच, काजू आणि पेरूही तिथलेच. काजूशिवाय कोकण आणि गोवा, मिरचीशिवाय आपला कुठलाही ठेचा, कल्पनाच करवत नाही. आणि हिमालयातलं, म्हणजे ‘आपलं’ झाड ब्रिटनमध्ये उपद्रवी ठरतं. तेव्हा दोष जन्मस्थानाचा नाही. एखादी वनस्पती नव्या ठिकाणी बाकीच्यांना जगू देते की नाही, आणि तिला मोकाट सुटायला आपण कोणती परिस्थिती तयार केली, हे दोन प्रश्न विचारायचे असतात. शत्रूचं नाव दिलं की पहिल्या दिवशी माणसं जमतात. पण दुसरा प्रश्न झाकला जातो. बंगालमध्ये ‘जर्मन’ म्हणताना रुळांचे भराव नजरेआड झाले. स्वयंसेवी गटांनी आपल्या फलकांवर ‘परकीय आक्रमण’ वगैरे शब्द लिहिताना हे ध्यानात ठेवावं, एवढंच मला सुचवायचं आहे.

मजुरीचा प्रश्न

चौथं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. तिथे केपटाऊनच्या डोंगरांवर हौशी गट सुट्टीच्या दिवशी करवती-कोयते घेऊन परदेशी झाडं तोडायला आधीपासून जात होते. पाइन आणि ऑस्ट्रेलियन बाभळी डोंगरउतारांवर पसरल्या होत्या. ही झाडं तिथल्या मूळच्या बुटक्या झुडपांपेक्षा पुष्कळ जास्त पाणी पितात, त्यामुळे ओढ्यांचं पाणी घटत होतं. वर्णभेदी राजवट संपल्यावर पहिल्या लोकशाही सरकारात कादर अस्माल हे भारतीय वंशाचे कायद्याचे प्राध्यापक पाणीखात्याचे मंत्री झाले. १९९५ साली त्यांच्या खात्यानं एक कार्यक्रम सुरू केला: पाणलोटातली परदेशी झाडं तोडायची आणि हे काम बेरोजगारांना, विशेषतः गरीब बायकांना, मजुरी देऊन द्यायचं.

इथे एक नैतिक मुद्दा येतो, आणि तो आपल्याला लागू आहे. आपल्याकडे खुरपणी हे बहुतेक बायकांचं काम आहे, आणि सगळ्यात कमी मजुरीचं. दिवसभर उन्हात वाकून तण काढणाऱ्या बाईला रविवारी नदीवर श्रमदानाला बोलावणं, हे मला पटत नाही. पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्यानं श्रम दान करावेत. ज्याचं पोट श्रमावर आहे त्याच्याकडून दान मागू नये. स्वयंसेवकानं फुकट केलेल्या कामामुळे कुणाची मजुरी बुडत असेल तर तेही तपासलं पाहिजे. अस्मालांच्या कार्यक्रमातही अडचणी आल्या. तोडलेल्या जागी पुढची काही वर्षं परत जाऊन उगवलेलं उपटलं नाही तर आधीचा पैसा वाया जातो, हा धडा तिथेही शिकावा लागला. पण पाणलोट राखणं हे कौशल्याचं काम आहे आणि त्याला दाम हवा, हे त्यांनी मान्य केलं.

आपल्या नद्या

आता घरी येऊ. महाराष्ट्राला पाणलोट हा शब्द नवा नाही. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत कितीतरी गावांनी उन्हाळ्यात श्रमदान करून डोंगरउतारावर चर खणले. ते काम आणि आजचा विषय यांत फरक आहे. खणलेला चर दुसऱ्या दिवशी जागेवर असतो, आणि त्याचं पाणी बहुतेक आपल्याच गावाच्या विहिरींना येतं. तण काढलं की परत येतं, आणि फायदा खालच्या गावाला होतो. म्हणून चर खणायला जमणारी माणसं जलपर्णी काढायला तेवढी टिकत नाहीत. यात आळस किती आणि हा हिशोबातला फरक किती, याचा विचार करा.

भीमा खोऱ्याचा नकाशा आठवा. पवना दापोडीला मुळेला मिळते. मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर मिळतात. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून येऊन तुळापूरला भीमेत जाते. मग उजनी, आणि तिथून पंढरपूरची चंद्रभागा. म्हणजे देहू-आळंदीच्या पालख्या ज्या दिशेनं चालतात, साधारण त्याच दिशेनं आपलं सांडपाणी आणि आपली जलपर्णी जाते. उन्हाळ्यात शहरातल्या पात्रावर हिरवा गालिचा पसरतो, डासांच्या तक्रारी होतात, यंत्रं लावली जातात. मग पाऊस येतो, धरणातून पाणी सुटतं आणि उरलेला गालिचा वाहून जातो. आपल्याला वाटतं, नदी स्वच्छ झाली. खालच्या गावाला काय वाटत असेल?

जलपर्णी वाढते ती नत्र आणि स्फुरद यांवर, आणि ते आपल्या न शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून भरपूर मिळतं. तेव्हा स्वयंसेवकांनी पाण्यात उतरून जलपर्णी काढणं हे ताप उतरवण्यासारखं आहे. ताप उतरवायलाच हवा, रोगी तडफडत असतो. पण ताप का येतोय हे विचारलं नाही, तर ती शुश्रूषा अपुरी.

मग काय करावं? चारही ठिकाणांवरून मला जे समजलं ते सांगतो. उन्हाळ्यात पात्र भरल्यावर जमण्यापेक्षा हिवाळ्याच्या तोंडाशी, बंधाऱ्यांच्या मागे पहिले छोटे पुंजके दिसतात तेव्हा जमा. दुपटीचं गणित तेव्हा आपल्या बाजूनं असतं. वरून खाली या. काढलेलं काठावर टाकू नका, पहिल्या पुरात ते परत पाण्यात जाईल. कारखान्यांचं पाणी येत असेल तिथली जलपर्णी भाजीच्या खतात घालू नका, ती जड धातू शोषून घेते. आणि प्रत्येक वेळी दोन नोंदी करा: तण कुठे आणि किती होतं, आणि त्याच्या वर कोणता नाला नदीत सोडला आहे. ही दुसरी नोंद वर्षानुवर्षं साठली की तिच्या आधारे नगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी प्रश्न विचारता येतात. स्वयंसेवक हा नदीवर परत परत जाणारा साक्षीदार असतो. यंत्राला जलपर्णी उचलता येते, पण साक्ष देता येत नाही.

शेवटी सावडीच्या प्रश्नाचं उत्तर. कोणी म्हणेल, हे निष्काम कर्म समजून करा. मला ते अर्धंच पटतं. फळ मला मिळावं ही आशा सोडायची, हे बरोबर. पण फळ खालच्या गावाला मिळतं आहे की नाही, याची चौकशी सोडायची नाही. तणाच्या बाबतीत ही चौकशी म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी परत जाणं. गीतेत लोकसंग्रह असा शब्द आहे. लोकांना धरून ठेवणं, असा त्याचा साधा अर्थ मी घेतो.

आणि परतफेडीचं म्हणाल, तर आपण प्रत्येकजण कुणाच्या तरी खाली राहतो. पुण्याच्या वर मावळ आहे, पुण्याच्या खाली दौंड आहे. मावळातल्या माणसानं आपल्यासाठी जे करावं असं वाटतं, ते दौंडच्या माणसासाठी आपण करायचं. सावड फिरून येत नाही, ती पुढे जाते. असं वागायला ओळख लागते. म्हणून माझी सूचना साधी आहे. तुमचा नदीगट असेल, तर पुढच्या वर्षी एकदा तुमच्या वरच्या गावात जा आणि एकदा खालच्या गावात. खालच्या गावातल्या लोकांना विचारा, आमच्याकडून तुमच्याकडे काय काय येतं. ते जे सांगतील ते लिहून आणा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.